थारसाठी फॅब्रिकेटरकडून चेंबर गार्ड आणि स्लायडर : सोलापूरच्या रानात टिकेल असं काम कसं करून घ्यावं

प्रश्न थोडक्यात असा आहे : २०२० नंतरची डिझेल थार, अक्कलकोट रोडच्या बाजूला शेत, वाटेत दोन ओढे आणि बरेच बांध. बांधावरून उतरताना चेंबर, म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, दगडाला घासलं. ऊसाच्या ट्रॉल्या बनवणारा ओळखीचा फॅब्रिकेटर ५ मिमी प्लेटचं गार्ड, दोन्ही बाजूंना पाइप आणि पुढे दणकट लोखंडी बंपर करून द्यायला तयार आहे. जाडी किती घ्यावी, जोडायचं कशाला आणि वेल्डिंग चासीवर केलं तर चालेल का?

चेंबर गार्ड करा, साइड स्लायडर, म्हणजे दोन्ही बाजूंचे पाइप, करा, पुढचा बंपर करू नका. चासीवर वेल्डिंगचा एक ठिपकाही नको, सगळं नटबोल्टवर. ५ मिमीची गरज नाही, ४ पुरे. आणि जाडीपेक्षा जास्त विचार ज्याचा करायचा तो म्हणजे दगडाचा दणका प्लेटमधून पुढे कुठे जातो. आपल्याकडे खराब झालेली गार्डं पाहिलीत तर प्लेट शाबूत असते, ब्रॅकेट फाटलेले असतात.

थार चासीवर बसवलेली गाडी आहे, खाली दोन लांब बॉक्स रेल आहेत. गार्डाचा भार त्या रेलवरच गेला पाहिजे. गिअरबॉक्सला पेलणाऱ्या क्रॉस मेंबरवर प्लेट टांगली की प्रत्येक ठोका गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगला बसतो. महिनाभरात गिअर लिव्हर थरथरायला लागतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही. चेंबरच्याच बोल्टांवर पत्रा लावण्याचा प्रकार तर पूर्ण टाळा. तिथे पहिला दणका पॅकिंग फोडतो आणि तेल गळायला लागतं, म्हणजे ज्याच्यासाठी गार्ड केलं तेच गेलं.

काळ्या रानाचा विचार आधी

बाहेरचे नकाशे पाहून गार्ड बनवलं की ते खडकाळ डोंगरासाठी बनतं. सोलापूरला खडक आहे, ओढ्यात कातळ उघडा पडलेला असतो, मुरमाच्या चकारीत मधला उंचवटा असतो. पण वर्षातले जास्त दिवस गाडीला त्रास देतात त्या तीन गोष्टी वेगळ्याच आहेत : चिकट काळी माती, धसकटं आणि पाचट.

काळी माती ओली असताना गार्डाच्या वरच्या अंगाला, म्हणजे प्लेट आणि इंजिनच्या मध्ये, जाऊन बसते. वाळली की तिचा ढेकळासारखा थर होतो. एक चौरस मीटरच्या भागात चार सेंटीमीटर थर साचला तर साठ किलोच्या पुढे वजन होतं. शिवाय तो ओल धरून ठेवतो आणि प्लेट वरच्या, न दिसणाऱ्या बाजूने गंजते. म्हणून प्लेटला पाणी मारून माती बाहेर काढता येईल एवढी भोकं हवीत. १० मिमीची गोल भोकं चिखलाने पहिल्याच दिवशी बुजतात. २५ मिमी रुंद आणि ७० ते ८० मिमी लांब अशी लांबट भोकं ठेवा, लांबी गाडीच्या चालीच्या दिशेने. आडवी भोकं दगडाची कड पकडतात.

ज्वारी काढल्यावर उरलेली धसकटं आणि तुरीची तिरकी कापलेली खुंटं खालून वर घुसतात. ती लोखंडाला काही करत नाहीत, पण लांबट भोकातून आत जाऊन वायरिंगचा पाइप किंवा एक्सलचा रबरी बूट फाडू शकतात. त्यामुळे भोकं कुठे पाडायची हे ठरवताना वर काय आहे ते बघा. जिथे वर वायर किंवा रबर आहे तिथे भोक नको. पुढच्या एक्सलच्या बुटापर्यंत मात्र गार्ड नेऊ नका, सस्पेन्शन हलतं तिथे पत्रा आला की भलतंच काही अडकतं. तुरीच्या रानातून आल्यावर बूट हाताने चाचपून बघणं हाच उपाय.

पाचट हे सगळ्यांत गंभीर. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सर लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळताना त्याच्या आतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. ऊसतोडीनंतरच्या फडातून गाडी नेली आणि पाचट गार्डाच्या वर, एक्झॉस्टच्या खाली अडकलं, तर पेट घ्यायला एवढं तापमान भरपूर आहे. म्हणून डीपीएफ आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या खाली गार्ड बंद करू नका. तिथे प्लेट थांबवा, फार तर दोन उभ्या पट्ट्या ठेवा. एक्झॉस्टच्या कुठल्याही भागापासून प्लेट किमान ५० मिमी लांब हवी. कंपनीने बसवलेला चकचकीत उष्णतारोधक पत्रा काढून जागा करायचा मोह फॅब्रिकेटरला होतो, तो काढू देऊ नका.

जाडी, वजन आणि पत्रा

पोलादाचा हिशोब सोपा आहे : एक चौरस मीटर, एक मिमी जाडीला ७.८५ किलो. म्हणजे ३ मिमीला साडेतेवीस, ४ मिमीला ३१.४ आणि ५ मिमीला सव्वाएकोणचाळीस किलो. प्लेट वाकण्याला करत असलेला विरोध मात्र जाडीच्या घनाने वाढतो. ३ वरून ४ मिमीवर गेलात की वजन एक तृतीयांशाने वाढतं आणि ताठपणा जवळपास २.४ पट होतो. ४ वरून ५ वर गेलात तर ताठपणा आणखी दुपटीच्या जवळ जातो, पण तो तुम्ही फुकटात मिळवू शकता. दोन्ही बाजूंच्या कडा ३० मिमी वर वळवा आणि मधे लांबीच्या दिशेने एक उथळ घडी द्या. सपाट ५ मिमीपेक्षा कडा वळवलेली ४ मिमी प्लेट जास्त ताठ असते आणि हलकीही.

इंजिनखाली ७०० × ६०० मिमीची ४ मिमी प्लेट धरली तर सव्वातेरा किलो होते. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) यांच्याखाली ६०० × ६०० ची सव्वाअकरा. डिझेल टाकीखाली ३ मिमी पुरते. ब्रॅकेट, बोल्ट धरून गार्डाचं सगळं काम ४० किलोच्या आत बसलं पाहिजे. ट्रॉली बनवणाऱ्या कारागिराचा हात वेल्डिंगला चांगला असतो, भार ओळखायची नजरही असते, पण ‘जाड केलं की बिनघोर’ ही सवय त्या धंद्यातून येते. त्याला आधीच वजनाची मर्यादा सांगा आणि पत्रा कापल्यावर काट्यावर ठेवून बघा. पुढच्या चाकांवर विनाकारण टाकलेला प्रत्येक किलो चिखलात पुढचं तोंड खाली ओढतो.

पत्रा आयएस २०६२ ई२५० दर्जाचा हॉट रोल्ड घ्या. बाजारात १२५० × २५०० चा पत्रा मिळतो, ४ मिमीचा असा एक पत्रा ९८ किलोचा असतो आणि त्यात दोन मोठ्या प्लेटा, ब्रॅकेट, गसेट (सांध्याला आधार देणारे त्रिकोणी तुकडे) सगळं बसून तुकडे उरतात. भंगारातली प्लेट स्वस्त मिळते, पण तिच्यात आधीच्या वेल्डचे आणि गंजाचे खड्डे असतात आणि घडी घालताना नेमकी तिथेच चीर जाते.

ॲल्युमिनियमबद्दल लोक विचारतात. ६ मिमीची प्लेट चौरस मीटरला १६.२ किलो, म्हणजे ४ मिमी पोलादाच्या जवळपास निम्मी. पण दगडावर ॲल्युमिनियम खरवडतं आणि रुतून धरतं, पोलाद सरकतं. घ्यायचंच तर ५०५२ दर्जाचं घ्या, ते वाकतं. ६०६१-टी६ थंड असताना वाकवलं की घडीवर तडकतं. शिवाय आपल्याकडे ॲल्युमिनियम नीट वेल्ड करणारे कमी सापडतात. शेतासाठी पोलादच बरं.

माप घेणं ते घडी घालणं

गाडी सिमेंटच्या फरशीवर घ्या. काळ्या मातीवर जॅक लावून खाली शिरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, जॅक एका बाजूने रुततो आणि गाडी सरकते. चासीखाली चार लोखंडी स्टँड, चाकांना मागेपुढे दगड, मगच खाली जायचं.

आधी जाड पुठ्ठ्याचा साचा करा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा चांगला चालतो. चासीवरच्या मूळ आट्यांच्या भोकांच्या जागा पुठ्ठ्यावर घ्या : भोकाच्या काठाला खडू फासायचा, पुठ्ठा दाबायचा, ठसा उमटतो. मग चेंबरचा सगळ्यांत खालचा बिंदू, ड्रेन बोल्ट, ऑइल फिल्टर, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे ड्रेन बोल्ट यांच्या जागा आखा. इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि दणका बसला की प्लेटही वर येते, म्हणून चेंबर आणि प्लेट यांत २५ मिमी अंतर ठेवा. १० मिमीत काम करून जमिनीपासूनची उंची वाचवणारे बरेच जण आहेत. मोठ्या दगडावर प्लेट वाकते आणि चेंबरला टेकते, मग गार्ड असूनही चेंबर जातं. थारची जमिनीपासूनची उंची २२६ मिमी आहे. त्यातले २० ते २५ मिमी गार्डापोटी इंजिनखाली गेले तरी सोसतं, कारण मागच्या डिफरन्शिअलचा गोळा तसाही खालीच असतो.

पुढची चाकं दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि सस्पेन्शन पूर्ण खाली सोडून बघा. मग एका चाकाखाली जॅक लावून ते पूर्ण वर न्या आणि पुन्हा बघा. टाय रॉड किंवा खालची आर्म पुठ्ठ्याला कुठेही लागता कामा नये.

मोठ्या प्लेटा हाताने गॅस कटरने कापू नका, कडा उष्णतेने वाकड्या होतात आणि भोकं जुळत नाहीत. अक्कलकोट रोड किंवा चिंचोळी एमआयडीसीत लेझर किंवा प्लाझ्मा कटिंगचं जॉबवर्क करणारं युनिट विचारून घ्या. पुठ्ठ्यावरून संगणकावर आकृती काढून दिली की भोकंसुद्धा तिथेच कापून येतात. घडी प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवर, घाला. ४ मिमी प्लेटला खालचा व्ही साचा ३२ मिमीचा, म्हणजे जाडीच्या आठपट, आणि घडीच्या आतली गोलाई किमान जाडीइतकी. बाहेरून मापलेल्या लांबीतून ९० अंशाच्या एका घडीला साधारण ७ मिमी वजा करायचे, ३० अंशाच्या घडीला जेमतेम दीड मिमी. हे विसरलं की प्लेट लांब होते आणि मग भोकं फाइलने वाढवत बसावं लागतं.

पुढची कड ३० ते ४५ अंशांनी वर वळवलेली हवी, म्हणजे बांधाच्या कडेला प्लेट थडकणार नाही, चढेल. दोन प्लेटा जिथे जोडतात तिथे कौलं शाकारतात तसं करायचं : पुढच्या प्लेटची मागची कड खाली, मागच्या प्लेटची पुढची कड तिच्या वर. उलटं केलं तर पुढे जाताना दगड फटीत शिरतो आणि मागची प्लेट सोलून काढतो. मागे येतानाही त्रास नको असेल तर फट ३ मिमीच्या आत ठेवा.

एकच अखंड मोठी प्लेट करू नका. ती ३० किलोची होते, एकट्याला काढता येत नाही आणि मग सर्व्हिसिंगला मेकॅनिक ती काढायचं टाळतो. ड्रेन बोल्टसाठी प्लेटला ६० मिमीचं गोल भोक आणि त्यावर दोन छोट्या बोल्टचं झाकण ठेवा. उघडं भोक ठेवलं तर तिथे माती भरते आणि तेल बदलताना पहिले ती खरवडावी लागते. ऑइल फिल्टरखालीही हात जाईल एवढी जागा हवी.

बोल्ट आणि ब्रॅकेट

शक्य तिथे चासीवर कंपनीने दिलेली आट्यांची भोकं वापरा. आधी बोल्ट हाताने पूर्ण फिरवून बघा. दोन-तीन आट्यांनंतर अडकला तर आट्यांचं अंतर वेगळं आहे, पान्याने जोर लावलात की आटे मेले. नवीन भोक पाडावंच लागलं तर रेलच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडा, वरच्या किंवा खालच्या पट्टीला हात लावू नका, कारण वाकवणारा ताण तिथेच सगळ्यांत जास्त असतो. रेलचं पुढचं टोक अपघातात चुरगळून धक्का पचवण्यासाठी केलेलं असतं. तिथे भोक, वेल्ड, जाड ब्रॅकेट यांतलं काहीच नको.

पोकळ रेलमधून आरपार बोल्ट घातला आणि आवळला की रेलच्या भिंती आत दबतात. आवळ कायम राहत नाही, बोल्ट ढिला होत जातो. म्हणून आत सुमारे २० मिमी व्यासाची, ३ मिमी भिंतीची नळी रेलच्या रुंदीइतकी अचूक कापून घालतात. ती घालणं शक्य नसेल तर रेलला बाहेरून मिठी मारणारा क्लॅम्प ब्रॅकेट करा : ६ मिमी पट्टीचे दोन अर्धे भाग, चार बोल्ट, मधे पातळ रबर नको. रबर दबत राहतं आणि बोल्ट सैल होतात. क्लॅम्पच्या आड ब्रेकची नळी किंवा वायर चेपत नाही हे चारही बाजूंनी बघा.

बोल्ट ८.८ दर्जाचे, डोक्यावर तो आकडा उठवलेला असतो. आकडा नसलेला बोल्ट घेऊ नका. एम८ ला साधारण २५ न्यूटन-मीटर, एम१० ला ४५ ते ५०, एम१२ ला ८० च्या आसपास आवळ. आट्यांना ग्रीस लावलंत तर आवळ वीसेक टक्क्यांनी कमी करा, नाहीतर बोल्ट ताणला जातो. ग्रीस लावावंच, कारण काळ्या मातीत सहा महिन्यांत कोरडा बोल्ट जाम होतो. नायलॉक नट चांगले, पण एक्झॉस्टजवळ नकोत, त्यातलं नायलॉन उष्णतेने मऊ पडतं. तिथे पूर्ण धातूचा लॉकनट घ्या.

बोल्टची डोकी खाली उघडी राहिली की दगडावर घासून गोल होतात आणि मग पाना धरत नाही. बसक्या डोक्याचा काउंटरसंक बोल्ट वापरा, नाहीतर डोक्याभोवती ६ मिमी जाडीचं गोल कडं प्लेटला वेल्ड करा, म्हणजे दगड कड्यावरून सरकतो. त्यातही माती भरते, स्क्रू-ड्रायव्हरने काढावी लागते, पण डोकं वाचतं. मागच्या बोल्टांची भोकं १० ते १५ मिमी लांबट ठेवा. प्लेट तापून पसरते आणि चासीही वळते, दोन्हींना थोडी मोकळीक लागते.

साइड स्लायडर

हे दिसायला पायरीसारखं असलं तरी काम वेगळं आहे. पायरी माणसाचं वजन पेलते, स्लायडरवर गाडीचा एक कोपरा टेकतो. बाजारातल्या बऱ्याच पायऱ्या पातळ नळीच्या असतात आणि बॉडीच्या पत्र्याला बोल्ट केलेल्या असतात. त्यावर गाडी बसली की दरवाज्याखालचा पत्राच चेपतो.

मुख्य नळी ६०.३ मिमी व्यासाची, ४ मिमी भिंतीची घ्या, मीटरला साडेपाच किलो. ४८.३ मिमी आणि ४ मिमी भिंत घेतली तर ४.४ किलो. शेतावरच्या वापराला तीही चालते, फक्त पाय जास्त द्या. चौकोनी ५० × ५० × ४ चा पाइप जोडायला सोपा आणि साडेपाचच्या आसपास वजनाचा. गोल नळी दगडावरून जास्त सहज सरकते, पण तिला पायाचं टोक माशाच्या तोंडासारखं गोल कापून घ्यावं लागतं आणि फट दीड मिमीच्या वर गेली की वेल्ड कच्चा राहतो. हे नीट जमवणारा कारागीर नसेल तर चौकोनी पाइप घ्या, त्यात काही कमीपणा नाही. पाण्याच्या लाइनचा जस्त चढवलेला पाइप मात्र नको. वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो, त्याने थंडी वाजून ताप येतो, आणि सांध्यात भोकं पडतात.

प्रत्येक बाजूला किमान तीन पाय. पुढचा आणि मागचा पाय टोकाला न ठेवता आत घ्या, नळीच्या लांबीच्या सहाव्या भागाइतका. चासीकडे पायाखाली ६ मिमी जाडीची, सुमारे १५० × १२० मिमीची प्लेट आणि पायाच्या वर-खाली त्रिकोणी गसेट. पाय बाहेरच्या बाजूला १० अंश वर चढलेले असावेत म्हणजे नळी दरवाज्याच्या कडेजवळ जाते आणि खाली लोंबत नाही. बॉडी चासीवर रबरी बुशांवर बसते, ती हलते, म्हणून नळी आणि बॉडी यांत २० मिमी फट ठेवायचीच. फट न ठेवलेल्या गाड्यांना आधी कुरकुर ऐकू येते, मग रंग जातो, मग गंज.

दोन्ही स्लायडर करताना ते पाठीला पाठ लावून क्लॅम्पने आवळा आणि मग वेल्ड करा. एकट्याने वेल्ड केलेली नळी केळीसारखी वळते आणि चासीच्या भोकांवर बसत नाही. वेल्ड एका जागी सलग न मारता आलटून पालटून मारा.

वेल्डिंगबद्दल

सीओटू वेल्डिंग मिळत असेल तर ०.८ मिमी वायरने तेच करा. आर्क असेल तर ६०१३ दर्जाच्या रॉडने प्लेट-ब्रॅकेटचं काम होतं : २.५ मिमी रॉडला ६० ते ९० अँपिअर, ३.१५ ला ९० ते १३०. स्लायडरच्या पायांसाठी ७०१८ रॉड जास्त चिवट, पण तो ओलसर हवेत उघडा पडलेला वापरला की उपयोग शून्य. तो ओव्हनमध्ये ३०० अंशांच्या आसपास तास-दोन तास भाजून गरम असतानाच वापरायचा असतो. ही सोय नसेल तर ७०१८ चा आग्रह सोडा.

शेतावरच्या लाइटवर वेल्डिंग करू नका. सिंगल फेजवर व्होल्टेज पडलं की मशीनचा काटा १०० दाखवतो आणि सांध्यात तेवढा करंट जात नाही. वरून गुळगुळीत दिसणारा वेल्ड आत धरलेलाच नसतो. ग्राइंडरने घासून गुळगुळीत करण्याची घाईही नको. घासलेल्या वेल्डची ताकद कमी होते आणि दोष झाकले जातात. वेल्ड जसा पडला तसा दिसू द्या.

सगळं वेल्डिंग गाडीपासून लांब, टेबलावर. जागेवर ब्रॅकेटला टॅक (तात्पुरता छोटा वेल्ड) मारल्याशिवाय माप जमतच नसेल तर बॅटरीच्या दोन्ही तारा काढा, अर्थिंगचा क्लॅम्प त्याच ब्रॅकेटवर, टॅकच्या शेजारी लावा, आणि डिझेल टाकी व नळीजवळ टॅकही मारू नका. अर्थिंग लांब कुठेतरी लावलं की करंट इसीयूच्या (गाडीच्या संगणकाच्या) आणि बेअरिंगच्या वाटेने फिरतो.

पुढचा बंपर का नको

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये गाड्यांवर बुल बार आणि क्रॅश गार्ड बसवण्याविरुद्ध राज्यांना कारवाईचे निर्देश दिले. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ खाली नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं. एअरबॅगचा सेन्सर धडकेत गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होतो ते मोजून निर्णय घेतो. चासीच्या पुढच्या टोकांना जोडलेला लोखंडी बंपर ते गणितच बदलून टाकतो, टोकं चुरगळत नाहीत आणि धक्का आतल्या माणसांपर्यंत येतो. रस्त्यावरच्या माणसाला तर तो थेट घातक असतो. हळूहळू चालणारी शेतकऱ्यांची वर्दळ, शाळेची मुलं आणि ऊसाच्या बैलगाड्या ज्या रस्त्यावर असतात तिथे तो कुणी बसवू नये.

बंपरच्या जोडीने टोइंगचा हूकही घरी करायचा विचार येतो. तो अजिबात करू नका. चिखलात रुतलेली गाडी ओढताना दोरावर काही टनांचा ताण येतो आणि वेल्ड तुटलेला हूक गोळीसारखा सुटतो. गाडीला कंपनीने दिलेली ओढण्याची जागा वापरा आणि ४.७५ टन शिक्का असलेला बो शॅकल (दोर अडकवायची पिनवाली लोखंडी कडी) विकत घ्या. गार्डाच्या प्लेटला किंवा स्लायडरला दोर बांधून ओढायचं नाही.

रंग आणि बसवल्यानंतर

पावडर कोटिंग दिसायला छान, पण गार्डावर पहिल्या दगडाला टवका उडतो आणि गंज त्याखाली पसरत जातो, वरून दिसत नाही. प्लेटला वायर ब्रश, थिनरने पुसणं, झिंकयुक्त इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर साधा काळा इनॅमल. घासलं की तेवढ्याच जागी पुन्हा मारता येतो. वरच्या बाजूला प्रायमरचा एक हात जास्त द्या. स्लायडरच्या नळीची टोकं झाकणाने पूर्ण बंद करा किंवा खालून पाणी निथळायला ८ मिमीचं भोक ठेवा. अर्धवट बंद टोक सगळ्यांत वाईट.

बसवल्यावर आधी स्लायडरची परीक्षा घ्या. फरशीवर नळीच्या मध्याखाली लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रॉली जॅकने त्या बाजूची चाकं उचलली जाईपर्यंत वर न्या, गाडीखाली कुणी जायचं नाही. खाली उतरवल्यावर नळी आणि बॉडीमधली फट आधीएवढीच आली पाहिजे. वेल्डच्या कडेने रंगाला बारीक चीर दिसली तर तो पाय काढा आणि सांधा कापून पुन्हा करा, वरून आणखी एक थर मारून भागवू नका.

उष्णता एप्रिल-मेमध्ये बघायची. सोलापूरला पारा चाळिशीच्या वर असताना गार्डाने गिअरबॉक्सखालची हवा अडते. गार्ड बसवण्याआधी आणि नंतर, एकाच रस्त्यावर, एसी चालू ठेवून, ओबीडी यंत्रावर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) कूलंटचं तापमान नोंदवा. पाच-सात अंशांच्या वर फरक पडला तर गिअरबॉक्सखालच्या प्लेटला आणखी लांबट भोकं पाडा. पुढच्या जाळीत कुसळी गवत अडकून रेडिएटर बंद झालेला असतो आणि दोष गार्डावर जातो, म्हणून आधी रेडिएटर झटकून बघा.

सगळ्या बोल्टांवर आवळल्यानंतर बोल्ट आणि प्लेट यांच्यावरून रंगाची एक रेघ ओढा. रेघ तुटली की बोल्ट फिरला हे वाकून बघूनच कळतं. १०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, पुढे पावसाळ्याच्या आधी आणि नंतर. चिखलातून आल्यावर माती ओली असतानाच खालून पाण्याचा मारा द्या, वाळली की ती निघत नाही. माळावर चालवून बघायचं असेल तर स्वतःच्या किंवा परवानगी घेतलेल्या रानात बघा, नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या गवताळ माळावर गाडी घालू नका.

काम सुरू करण्याआधी दोन ठिकाणी विचारा. विमा कंपनीला गार्ड आणि स्लायडर लेखी कळवा, फोटो आणि वजनासह, कारण दावा करताना न कळवलेला बदल त्यांना कारण देतो. आणि पुठ्ठ्याचा साचा व फोटो घेऊन सोलापूर आरटीओत, एमएच-१३ च्या कार्यालयात, हे बोल्टवरचं काम आहे आणि चासीवर वेल्डिंग होणार नाही हे दाखवून त्यांचं म्हणणं घ्या. पत्रा कापायला टाकायचा तो त्यानंतरच.